बिनकामाचा दात

माझ्या लग्नात वडिलांनी मला दातांची कवळी दिली. वरची आणि खालची, निळ्या मखमलीच्या डबीत. आमच्या टास्मानियात तेव्हा मुलीला अशीच सासरी पाठवायचे. लग्न ठरलं की तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं, किडलेले-चांगले सगळे दात एका बैठकीत उपटून घ्यायचे, हिरड्या भरून आल्या की कवळी बसवायची आणि मग चर्चमध्ये उभं करायचं. पुढे नवऱ्याच्या खिशाला दातांची झळ नको आणि मुलीला ठणका नको, असा हिशेब. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणायचे, "बार्विकांनी पोरीला पूर्ण कवळी दिली हो!" माझे दोन दात किडले होते. बाकीचे ठणठणीत होते, तेही गेले. आज म्हातारपणी कशाचाच राग येत नाही, पण याचा येतो.

गोष्ट मात्र माझी नाही, माझ्या धाकट्या बहिणीची आहे. डल्सीची.

डल्सी ठेंगणी, रुंद जबड्याची, आणि नाकावर माशी बसू न देणारी. शाळा सुटल्यावर ती डेलोरेन गावातल्या मिस्टर पेनहॅलोंकडे कामाला लागली. पेनहॅलो दातांचे डॉक्टर, आणि मागच्या खोलीत त्यांचा कवळ्यांचा कारखाना. मेणात जबड्याचा ठसा घ्यायचा, त्यात प्लॅस्टर ओतायचं, त्यावर एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा घासायचा. डल्सीच्या हाताला ते काम असं बसलं की पेनहॅलो स्वतःच म्हणायचे, "माझी कवळी घालून माणूस हसतो, डल्सीची घालून मटण खातो."

त्या मागच्या खोलीत कवळ्यांपेक्षा कवट्याच जास्त होत्या. पेनहॅलोंना आमच्या रानातल्या मांसखाऊ जनावरांचं वेड होतं. कुत्र्यासारखा दिसणारा पट्टेवाला वाघ, रात्री शेताच्या कडेला किंचाळणारा काळा बुटका सैतान, कोंबड्या पळवणारं ठिपक्यांचं रानमांजर. सगळी पोटपिशवीत पिल्लं वाढवणारी. ही कुठून आली, कोण कोणाचं सगंसोयरं, हे त्यांना कवट्यांवरून आणि दातांवरून शोधायचं होतं. दाढ दुखत असलेला शेतकरी हातात सैतानाचं डोकं लोंबकळवत आला तर त्याला आधी आत घ्यायचे. डोकी मुंग्यांच्या वारुळात पुरायची, मुंग्यांनी मांस साफ केलं की कवटी धुऊन फळीवर ठेवायची. हे कामही डल्सीकडेच आलं. पहिल्या दिवशी तिनं नाक मुरडलं. महिनाभरानं घरी जेवताना मेंढीची मुंडी हातात धरून ती आम्हाला सांगायला लागली, हा दात कापायचा, ही दाढ दळायची. आई म्हणाली, "ताटातल्यांचं श्राद्ध नको घालूस. खा मुकाट्यानं."

डल्सी जनावरांच्या जबड्यांचेही मेणात ठसे घ्यायची आणि पेनहॅलो ते प्लॅस्टरचे जबडे परदेशातल्या अभ्यासकांना धाडायचे. बदल्यात एकदा पॅटागोनियातल्या जनावरांचे ठसे आणि चित्रं आली. तिकडे, समुद्रापलीकडच्या त्या मुलखात, दगडात सापडलेली फार जुनी मांसखाऊ जनावरं. डल्सीनं त्यांची दाढ आमच्या वाघाच्या दाढेला लावून पाहिली. तीच कापणारी धार, तोच आतला झिजलेला भाग.

"बघितलंस?" पेनहॅलो तिला म्हणाले. "आपला वाघ त्या घराण्यातला. सैतान आणि रानमांजर वेगळे. वाघाची सोयरीक पॅटागोनियाशी."

या वादात तेव्हा जगातली मोठमोठी माणसं या बाजूला होती आणि तेवढीच मोठी त्या बाजूला. पेनहॅलो या बाजूला होते. डल्सीही वर्षभर होती. मग आर्चमामानं वरच्या पठारावरून वाघाचं मेलेलं पिल्लू पाठवलं, स्पिरिटच्या बरणीत घालून. आर्चमामा आमच्या आईचा सख्खा भाऊ. हिवाळाभर पठारावरच्या खोपटात राहून फासे लावायचा, वॉलबी नावाचे छोटे कांगारू आणि झाडावरचे पोसम पकडायचा आणि वसंतात कातडी घेऊन खाली यायचा.

पोटपिशवीवाल्यांच्या पिल्लांचं एक आहे. आपल्या मुलांसारखे त्यांचे सगळे दुधाचे दात पडत नाहीत. जबड्याच्या प्रत्येक बाजूला फक्त एकच दात बदलतो. डल्सीनं पिल्लाची हिरडी बारीक सुईनं उघडली तर तो दुधाचा दात तिथे होता, मोहरीएवढा. हिरडीबाहेरही न येता विरून जाणारा. पेनहॅलोंना हे पुस्तकातून ठाऊक होतं, डल्सीनं ते डोळ्यांनी पाहिलं. मग तिनं सैतानाचं पिल्लू काढलं, रानमांजराचं काढलं. त्यांच्यातही तो दात असाच, कुठे नावापुरता, कुठे तेवढाही नाही. आणि पॅटागोनियावाल्यांच्या चित्रात? तिथे पिल्लाचा तोच दात चांगला मोठा, चावायच्या कामाचा. मग तिनं कवट्या उलट्या करून टाळू पाहिली. वाघ, सैतान, रानमांजर, तिघांच्याही टाळूच्या हाडात दोन खिडक्या. पॅटागोनियावाल्यांची टाळू बंद भिंतीसारखी.

"कापायचा दात सारखा आहे कारण दोघंही मांस कापत होते," ती पेनहॅलोंना म्हणाली. "कामाचा दात धंदा सांगतो. घराणं बघायचं तर बिनकामाचा दात बघायला हवा. त्याला घडवायला कोणी बसलेलं नसतं. तो आजा-पणजाकडून आला तसाच येतो."

"आणि त्या सगळ्या धारदार दाढा? त्या काय योगायोग?"

"आपल्या गावात दोन लोहार आहेत. दोघांचेही दंड सारखेच आहेत. ते भाऊ आहेत का?"

पेनहॅलो हसले पण ऐकलं नाही. त्यांची-तिची ही भांडणं रोज चालायची. दारात रुग्ण गाल धरून बसलेला असायचा आणि आत हे दोघं वाघाच्या पूर्वजांवरून हमरीतुमरीवर आलेले. मला वाटतं, दोघांनाही त्यात जेवणापेक्षा जास्त गोडी होती.

मग क्लॅरी स्पर्लिंग आला. ससाफ्रास गावाकडचा बटाट्यांचा शेतकरी, उंच, गोरापान, स्वभावानं लोणी. नाचाच्या कार्यक्रमात तो डल्सीला भेटला आणि सहा महिन्यांत अंगठी घेऊन दारात उभा राहिला. डल्सीलाही तो आवडला होता. त्याच्याकडून परत येताना ती गाणं गुणगुणायची, आणि डल्सीला गाता येत नव्हतं, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

आईनं लगेच पेनहॅलोंकडे शनिवार ठरवला. सगळे दात काढायला.

"मी काढणार नाही," डल्सी म्हणाली.

आई स्कोनच्या गरम पावांवर काकवी ओतत होती. तिचा हात थांबला नाही. "सगळ्याच असं म्हणतात. नेलही म्हणाली होती."

नेल म्हणजे मी. मी म्हणाले, "नेल काही म्हणाली नव्हती. नेलला कोणी विचारलंच नव्हतं."

"तू गप्प बस. डल्सी, आपल्या घराण्याचे दातच वाईट. माझ्या आईचे पंचविशीत गेले, माझे गेले, नेलचे किडायला लागले होते. रक्तातच आहे ते. तुझे तेवढे सोन्याचे लागून गेले का? उद्या बाळंतपणात दाढ सुजली की क्लॅरीनं शेत सोडून तुला घेऊन धावायचं?"

"किडल्यावर बघू."

"किडल्यावर क्लॅरीची आई मला बघेल! बाप कवळी देतोय, ती घ्यायची आणि आभार मानायचे. नाहीतर या घरातून तुझं लग्न होणार नाही. चर्चमध्ये तुझे वडील तुझा हात धरून चालणार नाहीत. नीट ध्यानात ठेव."

वडील कोपऱ्यात पेपरमागे होते. त्यांनी पान उलटलं.

डल्सीनं स्कोन उचलला, वास घेतला आणि परत ठेवला. मला तिचा तो चेहरा ओळखीचा होता. कवटी हातात घेऊन उलटसुलट करताना तिचा असाच व्हायचा. ती म्हणाली, "रक्तात आहे म्हणतेस?"

"हो."

"बरं. शनिवारी येते मी."

आईला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. मला वाटलं, काहीतरी शिजतंय. त्याच दिवशी दुधाच्या गाडीवाल्याबरोबर डल्सीनं पठारावर आर्चमामाला निरोप धाडला.

शनिवारी पेनहॅलोंच्या दवाखान्यात आई तिच्या चांगल्या टोपीत बसली होती. मी शेजारी. क्लॅरी दाराशी उभा, हातात गरम पाण्याची रबरी पिशवी. दात काढल्यावर गाल शेकायला त्याच्या आईनं ती दिली होती. पेनहॅलोंनी हत्यारं उकळून ठेवली होती. डल्सी आली ती खुर्चीवर बसलीच नाही. ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"बस ना," आई म्हणाली.

"खुर्ची माझ्यासाठी नाही."

तेवढ्यात आर्चमामा आला. आधी त्याचा वास आला, मग तो. ओल्या कातड्यांचा, धुराचा, तीन महिने न धुतलेल्या लोकरीचा वास. क्लॅरी भिंतीला चिकटला. आईनं रुमाल नाकाला लावला. "आर्च! तू इथे काय करतोस?"

"पोरीनं बोलावलं. म्हणाली, तोंड घेऊन ये. दुसरं काही आणायचं नव्हतं म्हणून आलो."

डल्सीनं त्याला खुर्चीत बसवलं. "मामा, आ कर. मिस्टर पेनहॅलो, बघा."

पेनहॅलोंनी आरसा घातला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. "झिजलेत," ते म्हणाले. "पण सगळे आहेत. एकही किडका नाही."

"आई," डल्सी म्हणाली, "हा तुझा सख्खा भाऊ. एकाच आईबापाचं रक्त. दात वाईट रक्तात असतील तर याचे कुठे गेले?"

"तो डोंगरात जनावरासारखा राहतो!"

"तेच म्हणतेय मी! तो वॉलबीचं मांस खातो आणि कोरा चहा पितो. साखर पोसम पळवतात म्हणून त्यानं ती ठेवणंच सोडलं. आपण सकाळी काकवी खातो, दुपारी जॅम खातो आणि चहात तीन चमचे साखर घालून झोपायला जातो. आजीनं तेच केलं, तू तेच केलंस, नेलनं तेच केलं. म्हणून तुमचे दात सारखे गेले. पलीकडची मिसेस ऑलब्राइट आपल्या नात्यातली आहे का? तिचेही असेच गेले, त्याच दाढेपासून सुरुवात. ताट सारखं म्हणून तोंड सारखं. त्याला तू घराणं म्हणतेस." मग ती पेनहॅलोंकडे वळली. "आणि तुम्ही हसू नका. तुम्ही वाघाचं तेच केलंत. दोन जनावरं एकच काम करत होती, तर तुम्ही त्यांची सोयरीक लावून मोकळे झालात. माझी आई आणि तुम्ही, दोघांनी एकच चूक केलीत. फरक एवढाच की तुमच्या चुकीपायी वाघाचे दात कोणी उपटत नाही."

पेनहॅलो लालबुंद झाले. "वाघाबद्दल तू चूक आहेस," ते म्हणाले. "ठार चूक. आणि एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच तुला शिकवलंय."

"मग काढा माझे. सिद्ध झाल्यावर परत लावून द्याल का?"

आई बसल्या जागी पुढे झुकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हे मी तिच्या बाजूनं सांगते. तिला खरोखरच मुलीचं भलं करायचं होतं. रात्र-रात्र गाल धरून रडलेली बाई होती ती. "डॉक्टर," ती म्हणाली, "तिचं ऐकू नका. ती पोर आहे. सुरू करा."

मग मला राहवलं नाही. मी वरची कवळी काढली, खालची काढली आणि आईच्या मांडीवर, तिच्या चांगल्या हातमोज्यांवर ठेवली. बिनदातांच्या तोंडानं मी काय बोलले ते कोणाला नीट कळलं नसेल, पण मी म्हणाले होते, "हे घे. हिला माझीही दे, दोन कवळ्या होतील."

आर्चमामा खुर्चीतच एवढा हसला की खुर्चीचं पेडल दाबलं जाऊन तो आडवा झाला.

पेनहॅलोंनी हत्यारांवर फडकं टाकलं. "मिसेस बार्विक," ते म्हणाले, "तिनं होकार दिल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि ती होकार देणार नाही. तुम्ही घरी जा." नंतर गावात कोणीतरी पसरवलं की डल्सीनं पेनहॅलोंना नमवलं. साफ खोटं. वाघाच्या बाबतीत तो माणूस मरेपर्यंत तसूभर हलला नाही. पण तोंड कोणाचं आहे, हे त्याला कळत होतं.

राहिला क्लॅरी. तो अजून रबरी पिशवी धरून उभा होता.

"तू बोल," डल्सी त्याला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मी आहे अशी चालेन का तुला? कवळी मिळणार नाही, चर्चमध्ये वडील नसतील आणि कधीतरी दाढ दुखेल. हो किंवा नाही."

क्लॅरीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला काय... मला चालेल गं. आईला विचारतो एकदा."

डल्सीनं अंगठी काढली. ती सहज निघाली नाही, तिला बोट ओलं करावं लागलं. तिनं ती त्याच्या कोटाच्या खिशात टाकली आणि वर खिसा थोपटला. "सावकाश विचार," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत काम करायला निघून गेली. दार बंद झाल्यावर ती रडली. मी आत गेले तेव्हा ती सैतानाचा जबडा घासत होती आणि प्लॅस्टरच्या भुकटीवर थेंब पडत होते. मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, "आधी तुझे दात घालून ये. तुझं एक अक्षर कळत नाहीये."

दीड वर्षानं क्लॅरीचं लग्न झालं. नवरीचे सगळे दात काढले आणि कवळी करायचं काम पेनहॅलोंकडेच आलं. गाव डोळे लावून बसलं होतं की डल्सी आता उट्टं काढणार. तिनं ती कवळी आठ दिवस खपून केली. मला दाखवली तेव्हा खोटी वाटेना, पुढचे दोन दात तिनं मुद्दाम जरासे वाकडे बसवले होते, खऱ्यासारखे. "त्या पोरीचा काय दोष?" ती म्हणाली. "तिला निदान सफरचंद तरी चावता यावं."

आई तिच्याशी पुढे बोलली, पण कित्येक वर्षं मोजकंच. डल्सीनं लग्न केलं नाही. तिला विचारणारे आले, आणि प्रत्येकाच्या आईनं आधी तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. डल्सी म्हणायची, घोडा विकत घेतानाही लोक एवढं पाहत नाहीत. पेनहॅलो गेल्यावर कारखाना तिनं चालवला. कवट्या त्यांनी तिच्या नावे ठेवल्या होत्या, सोबत एक चिठ्ठी: वाघाबद्दल तू अजूनही चूक आहेस. तिनं ती चिठ्ठी वाघाच्या कवटीखाली ठेवून दिली. लग्नाळू मुली येत राहिल्या. प्रत्येकीला ती एकटीला आत घ्यायची आणि विचारायची, "तुला काढायचेत का?" बहुतेक हो म्हणायच्या. काही नाही म्हणायच्या. नाही म्हणणारीला ती मागच्या दारानं बाहेर सोडायची आणि पुढच्या दारात आईशी भांडायला स्वतः जायची. त्यापायी तिचं गिऱ्हाईक गेलं, चर्चमधल्या बायकांनी तिला चहाला बोलावणं बंद केलं. तिनं भीक घातली नाही.

आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर पेपरात आलं की जुन्या, वाळलेल्या कातड्यांतून शास्त्रज्ञांनी नामशेष झालेल्या वाघाच्या रक्ताचं नातं शोधलं आणि ते इथल्याच सैतान-रानमांजरांशी जुळलं, पॅटागोनियाशी नाही. मी पेपर घेऊन पळत तिच्याकडे गेले. तिनं भिंग लावून सगळं वाचलं. मी म्हटलं, "जिंकलीस!"

"अर्धी," ती म्हणाली. "मी वाघाला सैतानाचा सख्खा भाऊ समजत होते. हा चुलत निघाला, फार आधी वेगळा झालेला." आणि मग भिंग आपटून: "आणि एवढी वर्षं कातडी कपाटात पडली होती! दात तर तेव्हाच सांगत होते. त्यांना कोणी विचारलं?"

गेल्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. लॉन्सेस्टनच्या इस्पितळात मी तिच्या खाटेशी बसले होते. वॉर्डात सगळ्या आमच्याच वयाच्या बायका. तरुण नर्स ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर झाकणाच्या वाट्या, प्रत्येक वाटीवर नाव. ऑपरेशनआधी दात काढून घ्यायची ती वेळ होती. बायका न सांगता काढून देत होत्या. डल्सीपुढे ती थांबली.

"आजी, दात द्या."

"माझे आहेत."

"हो, तुमचेच राहतील. नाव लिहिलंय ना वाटीवर. द्या आता."

"पोरी, ते माझ्या जबड्यातून उगवलेत."

नर्सला ते खरं वाटेना. ऐंशीच्या घरातली टास्मानियन बाई आणि तोंडात स्वतःचे दात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं हातमोजा चढवला, दोन बोटं तोंडात घातली आणि वरचे दात कवळी सैल करावी तसे जोर लावून ओढले. डल्सीनं जबडा मिटला. जोरात नाही, पण सोडलंही नाही.

"आजी, सोडा! आम्ही सगळ्यांचेच काढतो!"

डल्सीनं बोटं सोडली. पिवळे पडलेले, दोन ठिकाणी चांदी भरलेले, पण सगळेच्या सगळे तिचे असलेले दात दाखवत ती म्हणाली, "ठाऊक आहे. म्हणूनच देत नाही."